तळ्यात पाऊस कसा आणावा?

जूनच्या मध्यावर भिवंडीच्या परिसरात पहिला मोठा पाऊस होतो. दोन दिवसांत कामवारी नदी गढूळ होते, ओढे भरून वाहू लागतात आणि भाताच्या खाचरांतले पाणी बांधांवरून ओढ्यात पडू लागते. त्या पडत्या पाण्याच्या उलट दिशेने मासे वर चढू लागतात. शिंगट्या, मळे, वाम, मरळ असे कितीतरी मासे नदी सोडून ओढ्यात आणि ओढा सोडून वीतभर पाण्याच्या खाचरात शिरतात. ठाणे-रायगडकडे या चढणीला वलगण म्हणतात. तळकोकणात चढणीचे मासे म्हणतात. त्या रात्री बत्त्या घेऊन बाहेर पडणारी माणसे, बांधाच्या तोंडाशी लावलेले बांबूच्या कामट्यांचे पिंजरे आणि दुसऱ्या दिवशी घरोघरी दरवळणारा कालवणाचा वास, हे सगळे या भागातल्या मुलांना ठाऊक असते.

या माशांच्या पोटात गाबोळी भरलेली असते. ते चढतात ते अंडी घालण्यासाठी. नदीच्या लोंढ्यात अंडी वाहून जातील. खाचरातले पाणी उथळ, कोमट आणि बारीक जीवांनी भरलेले असते. पिल्लांसाठी याहून चांगले घर नाही.

आता एक प्रश्न विचारू. त्याच गावातल्या एखाद्या तळ्यात कोणी रोहू सोडले आहेत. त्यांना भरपूर खायला मिळते, ते दोन-तीन किलोंचे झाले आहेत. माद्यांची पोटे अंड्यांनी फुगली आहेत. तोच पाऊस त्यांच्याही डोक्यावर पडतो. तरी त्या तळ्यात एकही पिल्लू दिसत नाही. काही आठवड्यांनी माद्यांची पोटे सपाट होतात. अंडी बाहेर पडलेली नसतात, मासळीच्या शरीरानेच ती जिरवून टाकलेली असतात. असे का व्हावे?

माणसाला तळ्यात मासे वाढवता येऊ लागले त्याला हजारो वर्षे झाली. आपल्या नद्यांतल्या या मोठ्या माशांना तळ्यात हवे तेव्हा अंडी घालायला लावणे जमले ते मात्र १९५७ साली. या दोहोंमधल्या काळाचा हा इतिहास आहे. तो वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायची. मासा पाळणे म्हणजे त्याला पाणी आणि अन्न देणे. माशाची पैदास करणे म्हणजे त्याला त्याचा पाऊस देणे.

राजाचे मासे

आपल्या भागापुरते बोलायचे तर या इतिहासातला एक जुना आणि तपशीलवार दस्तऐवज आहे 'मानसोल्लास'. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा संस्कृत ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. कर्नाटकात असले तरी मराठी मुलखाला लागून असलेले. राजाच्या करमणुकींची वर्णने करताना सोमेश्वराने 'मत्स्यविनोद' असा एक भाग लिहिला. त्यात सुमारे पस्तीस प्रकारच्या माशांची नावे आहेत. मासे खवल्यांचे की बिनखवल्यांचे, नदीतले की समुद्रातले, लहान की मोठे अशी त्यांची विभागणी आहे. कोणत्या माशाला काय खाऊ घालावे हेही सांगितले आहे. प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या भागाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातल्या निरीक्षणांचे महत्त्व जगापुढे आले.

पण हे सारे गळ टाकून मासे धरण्याच्या खेळासाठी होते. माशाला काय आवडते हे राजाला ठाऊक होते. तो अंडी केव्हा आणि का घालतो, हा प्रश्न त्या खेळात येत नव्हता. नदी दर पावसाळ्यात नवे मासे देतच होती.

मराठी नावांचे लॅटिन मासे

यानंतर आपण एकदम सात शतके पुढे येऊ. १८२४ साली मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमले. शेतसारा आणि पिके मोजता मोजता साइक्स पक्षी, प्राणी आणि मासेही टिपून ठेवत असे. भीमा, मुळा-मुठा अशा नद्यांतल्या चाळीसहून अधिक माशांचे त्याने केलेले वर्णन १८४१ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने छापले.

साइक्सने एक गोष्ट फार चांगली केली. नव्या माशांना शास्त्रीय नावे देताना त्याने अनेकदा मराठी नावेच वापरली. म्हणून आजही जगभरच्या ग्रंथांत आपल्या माशांची नावे 'खुद्री', 'कोलुस', 'मुसुल्लाह', 'सींगटी' अशी सापडतात. एकाचे नाव 'नुक्ता' आहे. या माशाच्या नाकाडावर खाच असते, जणू नाक कापले आहे. हा आपला 'नकटा'. मासे धरणाऱ्या माणसांच्या तोंडचे शब्द असे शास्त्राच्या पुस्तकात कायमचे जाऊन बसले.

यानंतर फ्रान्सिस डे याने देशभर फिरून १८७३ साली गोड्या पाण्यातल्या माशांविषयी अहवाल दिला. नदीतून शेतात चढणारे मासे आणि त्यांची पिल्ले पिंजऱ्यांत कशी सरसकट मारली जातात, याकडे त्याने लक्ष वेधले. अशा प्रयत्नांतून पुढे १८९७ चा भारतीय मत्स्य कायदा झाला आणि सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारण्यावर बंदी आली. म्हणजे वलगणीचा प्रश्न सरकारदरबारी पोचला त्याला दीडशे वर्षे होत आली.

हंडीतून आलेले बीज

विसाव्या शतकात तळ्यांत मासे वाढवण्याचा विचार सरकारी पातळीवर सुरू झाला. पसंती होती गंगेच्या खोऱ्यातल्या रोहू, कटला आणि मृगळ या माशांना. ते झपाट्याने वाढतात, एकाच तळ्यात वेगवेगळ्या थरांत चरतात आणि एकमेकांना खात नाहीत. अडचण एकच होती. त्यांचे बीज आणायचे कुठून?

बंगालमध्ये याचे उत्तर होते. पावसाळ्यात नदीला पूर आला, की बारीक जाळी लावून वाहत येणारी अंडी आणि पिल्ले गोळा करायची, मातीच्या हंड्यांत भरायची आणि रेल्वेने दूरदूर पाठवायची. वाटेत हंडीवाला पाणी सतत हलवत राही. पाणी थांबले तर त्यातला प्राणवायू संपून सगळे बीज मरे. मुंबई प्रांतातल्या तळ्यांसाठीही असे बीज कलकत्त्याहून येई.

या पद्धतीत दोष मोठे होते. नखाएवढी पिल्ले ओळखायची कशी? रोहूच्या बीजात शिकारी माशांची पिल्ले मिसळलेली असत. तळ्यात सोडली की ती बाकीच्यांना खात. प्रवासात बरेच बीज मरे. शिवाय सगळे काही नदीच्या लहरीवर अवलंबून असे.

बंगालच्याच बांकुरा आणि मेदिनीपूर भागांत लोकांनी एक वेगळी युक्ती शोधली होती. उतारावर बांध घालून असे तळे करायचे, की पावसाचे पाणी वरून जोराने आत येईल, काठावरची उथळ जमीन बुडेल आणि जास्तीचे पाणी खालून वाहून जाईल. अशा बांधात पोटुशे मासे ठेवले तर जोराच्या पावसानंतर ते खरोखर अंडी घालत. लोकांनी तळ्यात खोटी नदी आणि खोटे खाचर तयार केले होते. भिवंडीची वलगण एका बांधात बसवण्याचाच हा प्रकार. यातून एक धागा हाती आला. माशाला नुसता पाऊस पुरत नाही. वाहते, गार, ताजे पाणी आणि नुकतीच बुडालेली जमीन अशा अनेक खुणा एकदम मिळाव्या लागतात. पण या खुणा माशाच्या शरीरात जाऊन नेमके करतात काय?

डोक्यातली वाटाण्याहून लहान ग्रंथी

याचे उत्तर माशाच्या मेंदूखाली आहे. तिथे पीयूषिका नावाची अगदी छोटी ग्रंथी असते. ती आपल्याही डोक्यात असते. डोळ्यांना दिसणारा दिवसाचा लांबीबदल, कातडीला जाणवणारा गारवा, अंगावर येणारा प्रवाह ही सगळी माहिती मेंदूत जमा होते. मेंदूचा एक भाग त्यावरून पीयूषिकेला रासायनिक इशारा देतो. मग पीयूषिका आपली संप्रेरके रक्तात सोडते. ती अंडाशयात पोचली, की जवळजवळ तयार असलेली अंडी पूर्ण पिकतात आणि सुटतात. तळ्यातल्या रोहूच्या पोटात अंडी तयार असतात, पीयूषिकेत संप्रेरकही भरलेले असते. फक्त 'आता सोड' हा इशारा येत नाही.

तसे असेल तर इशाऱ्याची वाट न पाहता संप्रेरकच बाहेरून दिले तर? १९३० साली अर्जेंटिनात बर्नार्डो हौसे यांनी पिल्लांना जन्म देणाऱ्या एका माशाला दुसऱ्या माशाच्या पीयूषिकेचा अर्क टोचला आणि पिल्ले वेळेआधीच बाहेर आली. पुढे १९४७ साली हौसे यांना पीयूषिकेवरच्या दुसऱ्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. १९३० च्याच दशकात ब्राझीलमध्ये रुडॉल्फ फॉन इहेरिंग यांनी याच मार्गाने नदीतल्या माशांना अंडी घालायला लावले. आपल्याकडे हमीद खान यांनी लाहोरला १९३८ च्या सुमारास मृगळावर प्रयोग केला. त्यांनी सस्तन प्राण्यांच्या पीयूषिकेचा अर्क वापरला. पण त्यातून रोज वापरता येईल अशी पद्धत उभी राहिली नाही.

ते काम हिरालाल चौधुरी यांच्या हातून झाले. कटक येथील केंद्रीय मत्स्यसंशोधन केंद्रात ते काम करत. त्यांनी माशासाठी माशाचीच पीयूषिका वापरली. १९५५ साली लहान जातींवर यश मिळाले. मग १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे टोचलेल्या मृगळवर्गीय माशांनी साचलेल्या पाण्यात अंडी दिली. पाठोपाठ रोहूनेही दिली. चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी त्याच वर्षी 'करंट सायन्स'मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज १० जुलै हा दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच घटनेमुळे.

पद्धत अशी. पिकलेल्या माशाच्या डोक्यातून ग्रंथी काढून ती शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायची. वापरताना ती वाटून पाण्यात गाळून घ्यायची. मादीला वजनाच्या दर किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम ग्रंथीचा पहिला डोस द्यायचा. सहा तासांनी पाच ते आठ मिलिग्रॅमचा दुसरा डोस द्यायचा आणि त्याच वेळी नरांना एक हलका डोस द्यायचा. मग एक मादी आणि दोन नर यांना 'हापा' म्हणजे पाण्यात चौकटीला बांधलेल्या कापडी हौदात सोडायचे. पहाटेपर्यंत हापा भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या पारदर्शक अंड्यांनी भरतो. रोहूची मादी दर किलोला दोन लाखांच्या आसपास अंडी देते. चौदा ते अठरा तासांत ती फुटतात. नुकत्या निघालेल्या पिल्लांना आपल्याकडे मत्स्यजिरे म्हणतात, कारण ती जिऱ्याएवढी दिसतात. ती वाढून बीज होतात आणि बीज बोटाएवढे झाले की त्याला बोटुकली म्हणतात.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ग्रंथीच्या जागी तयार कृत्रिम औषध येऊ लागले. त्यात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे मेंदूकडून येणाऱ्या इशाऱ्याची कृत्रिम नक्कल. दुसरी म्हणजे डॉमपेरिडोन, जे आपण उलटी थांबवायला घेतो. माशाच्या मेंदूतला डोपामिन हा पदार्थ पीयूषिकेला आवरून धरत असतो. डॉमपेरिडोन तो आवर सैल करते. म्हणजे एक औषध गाडीला गती देते आणि दुसरे ब्रेक सोडते. कुपीत भरलेला पाऊस म्हणायचा तो हाच.

लोणावळ्याची खडशी

महाराष्ट्रातला या इतिहासाचा सर्वांत चांगला अध्याय लोणावळ्याला घडला. त्याचे नायक डॉ. चं. वि. कुलकर्णी. मुंबई प्रांताच्या मत्स्यखात्यात त्यांनी काम सुरू केले आणि पुढे राज्याच्या खात्याचे संचालक झाले. १९४० साली त्यांनी मुंबई प्रांतातल्या पाण्यातला एक नवा मासा जगापुढे आणला. दोन-तीन सेंटिमीटरचा, काचेसारखा पारदर्शक. नाव ठेवले 'होराइक्थिस सेटनाय', होरा आणि मुंबईचे मत्स्यतज्ज्ञ सेटना यांच्या नावांवरून. या माशाचा नर शुक्राणूंची छोटी कुपी मादीच्या शरीराला चिकटवतो आणि मादी फलित अंडी पाणवनस्पतींवर घालते. इतक्या लहान जिवाची इतकी वेगळी रीत पाहून त्या काळी त्याच्यासाठी स्वतंत्र कुळ करावे लागले होते.

तीस वर्षांनी हेच कुलकर्णी एका मोठ्या माशाकडे वळले. तो म्हणजे खडशी, दख्खनचा महसीर. साइक्सने 'खुद्री' नाव दिलेला तोच. धरणे झाली, नदीच्या वरच्या अंगाला जाण्याचे रस्ते बंद झाले आणि सुरुंगांनी उरलेसुरले मासे मारले गेले. लोणावळ्याजवळ टाटांच्या वीज कंपनीच्या वळवण तलावात मात्र ही जात टिकून होती. पावसाळ्यात तलावात येणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी पिकलेले मासे जमतात, हे कुलकर्णींनी पाहिले. तिथे ते अलगद धरायचे, पोटावरून हात फिरवून मादीची अंडी भांड्यात घ्यायची, त्यावर नराचा शुक्ररस घालून हलक्या हाताने मिसळायचे आणि मासे पुन्हा पाण्यात सोडून द्यायचे. इथे सुईही लागली नाही. पाऊस माशांनी स्वतःच घेतलेला असे, माणूस फक्त वेळेवर हजर राहत असे.

रोहूच्या मानाने महसीरची अंडी थोडी, पण मोठी असतात. ती फुटायला तासांऐवजी दिवस लागतात आणि तेवढा वेळ त्यांना ताजे वाहते पाणी लागते. १९७०-७१ मध्ये कुलकर्णींनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वळवणच्या केंद्रातून महसीरच्या बोटुकल्या देशातल्या अनेक जलाशयांना गेल्या.

चावी सापडली, पण कोणते कुलूप उघडायचे?

इथवरची गोष्ट यशाची आहे. पण मासा हवा तेव्हा पैदा करता येऊ लागला, तसा एक नवा प्रश्न उभा राहिला. पूर्वी नदी जे देईल ते घ्यावे लागे. आता निवड आपल्या हाती आली. ती आपण कशी केली?

डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून दक्षिण अमेरिकेतले गप्पी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणि उत्तर अमेरिकेतले गॅम्बुसिया १९२८ साली भारतात आणले गेले. दोन्ही पिल्लांना जन्म देतात. त्यांना पाऊस लागत नाही, त्यामुळे ती भराभर वाढतात. गॅम्बुसिया अळ्यांबरोबर इतर माशांची अंडी आणि पिल्लेही खातो. १९५२ साली तिलापिया आला. तोही कोणत्याही तळ्यात स्वतःच वाढतो आणि बघता बघता जलाशय व्यापतो.

नंतर आला आफ्रिकी मागूर, ज्याला बाजारात थाई मागूर म्हणतात. तो घाण पाण्यात जगतो, कुजके मांस खातो, हवेतून श्वास घेतो आणि पावसात जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो. तळे फुटले की तो नदीत, आणि नदीत गेला की लहान मासे त्याच्या पोटात. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पैदाशीवर बंदी घातली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने अशी तळी नष्ट करण्याचा आदेश दिला. त्यानंतरच्या कारवाईत भिवंडी तालुक्यातही अशी बेकायदा तळी सापडली आणि त्यांतले मासे नष्ट करावे लागले. ज्या खाचरांत वलगणीचे मासे चढत, त्यांच्या शेजारीच हे घडत होते.

मग उपाय सोपा आहे, असे आपल्याला वाटेल: परदेशी नको, देशी मासे पाळा. पण 'देशी' म्हणजे काय? खडशीचेच उदाहरण पुढे पाहा. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याच्या बोटुकल्या दक्षिणेत कावेरीतही सोडल्या गेल्या. हेतू चांगला होता. पण कावेरीत तिचा स्वतःचा कुबडवाला महसीर होता, जगात दुसरीकडे कुठेच नसलेला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की कावेरीत आता बाहेरून आलेला निळसर परांचा महसीर पसरला आहे आणि मूळचा जवळजवळ दिसेनासा झाला आहे. २०१८ मध्ये या कुबडवाल्या महसीरची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. एका नदीत जो मासा वाचवणे हे पुण्यकर्म, तोच दुसऱ्या नदीत घुसखोर ठरला.

माशाला देश, राज्य कळत नाही. त्याला खोरे कळते. या हिशेबाने रोहू आणि कटला भारतीय असले तरी भिवंडीला ते पाहुणेच. ते बंदिस्त तळ्यात वाढवून खायला काहीच हरकत नाही. पण कामवारीत किंवा उल्हास नदीत कोणता मासा असावा, हे त्या नदीने ठरवायचे.

घरच्या टाक्यात काय पाळावे?

शिक्षक मित्रहो, हा इतिहास वर्गात नेण्याचा सोपा मार्ग म्हणजे अंगणातले छोटे टाके. त्यासाठी सुई लागत नाही आणि नदीही लागत नाही. आपल्या खोऱ्यातले काही मासे साचलेल्या पाण्यातच अंडी घालतात. मरळ त्यांतलाच. नर पिल्लांच्या लालसर घोळक्याची राखण करतो. पण मरळ मोठा होतो आणि शिकारी असतो, त्यामुळे शाळेच्या टाक्यासाठी पिकू बरा.

पिकू कोकणातल्या ओढ्यांत, विहिरींत आणि खाचरांत आढळतो. बोटाएवढा, पाण्याच्या अगदी वरच्या थरात राहणारा. वरून पाहिले की डोक्यावर चांदीचा ठिपका चमकतो. तोंड वरच्या बाजूला वळलेले असल्याने पृष्ठभागावर श्वास घ्यायला आलेल्या डासांच्या अळ्या तो टिपतो. गप्पी जे काम करतो ते इथे करायला हा घरचाच गडी आहे.

दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि दोन-अडीच फूट खोल टाके पुरते. अर्धे सावलीत असावे. नळाचे पाणी असेल तर क्लोरिन उडून जाण्यासाठी दोन दिवस उघडे ठेवावे. गावातल्याच ओढ्यातल्या पाणवनस्पती आणाव्यात आणि त्याच ओढ्यातले पाच-सहा पिकू आणावेत. त्यांत माद्या अधिक असाव्यात. पिकू उड्या मारतो, म्हणून वर जाळी हवी. मादी रोज थोडी थोडी अंडी वनस्पतींच्या मुळांना चिकटवते. मोठे मासे पिल्ले खातात. म्हणून अंडी चिकटलेल्या काड्या वेगळ्या भांड्यात ठेवाव्यात. साधारण दोन आठवड्यांत पिल्ले निघतात. अंडे पारदर्शक असते. भिंगाखाली धरले तर आत वळवळणारे पिल्लू, त्याचे काळे डोळे आणि धडधडणारे हृदय विद्यार्थ्यांना दिसते. प्राणिशास्त्राच्या पुस्तकातली आकृती अशी हलताना पाहिली की पुन्हा विसरत नाही.

दोन नियम मात्र कडक पाळावेत. बाजारातला कोणताही मासा नदी-ओढ्यात सोडायचा नाही. आणि पिकू जरी असला तरी एका खोऱ्यातला दुसऱ्या खोऱ्यात सोडायचा नाही.

घरचे टाके नदीला पर्याय होत नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. गेल्या काही दशकांत भिवंडीभोवतीच्या शेतजमिनींवर भराव पडून गोदामे उभी राहिली. गोदामाच्या फरशीवर मासा चढत नाही. पाऊस तोच पडतो, ओढाही कुठेतरी वाहत असतो, पण अंडी घालायला खाचर उरत नाही. १९५७ च्या शोधाने आपल्याला तळ्यात पाऊस आणता आला. बुजवलेले खाचर परत आणणारी सुई अजून कोणाकडे नाही. म्हणून जी खाचरे उरली आहेत तिथे पहिल्या पावसात निदान थोड्या गाबोळीच्या माद्यांना वर जाऊ द्यावे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

सुरुवात कुठून करावी? साइक्सने केली तिथूनच. येत्या जूनमध्ये विद्यार्थ्यांना एक काम द्या. आजी-आजोबांना, मासे धरणाऱ्या शेजाऱ्यांना विचारून वलगणीच्या माशांची नावे लिहून आणायची. प्रत्येक नावापुढे तीन रकाने करायचे: पूर्वी दिसत होता का, अजून दिसतो का, आणि शेवटचा कुठल्या ओढ्यात पाहिला. दुसऱ्या वर्षी तीच यादी घेऊन पुन्हा जायचे. दोनशे वर्षांपूर्वी एका परक्या अधिकाऱ्याने मराठी नावे लिहून घेतली, म्हणून ती शास्त्राच्या पुस्तकात राहिली. ती आपल्या ओढ्यांतही राहतात का, हे या याद्या सांगतील.